सोडलेली जागा

"पुढे सरका," शिपाई म्हणाला आणि आम्ही सगळे एकेक खुर्ची पुढे सरकलो.

अभियांत्रिकी प्रवेशाच्या दुसऱ्या फेरीचा तो दिवस होता. पुण्यातल्या एका कॉलेजच्या सभागृहात आम्हा मुलांना गुणवत्ता क्रमांकाप्रमाणे बसवलं होतं. समोर टेबल, टेबलावर माइक, टेबलामागे भिंतभर फळा. फळ्यावर कॉलेजांची नावं, त्यांच्याखाली शाखा आणि प्रत्येक शाखेपुढे उरलेल्या जागांचा खडूने लिहिलेला आकडा. ज्याचा नंबर येईल त्याने टेबलापाशी जाऊन हवी ती जागा मागायची, शिपायाने आकडा पुसून एकाने कमी करायचा आणि रांगेने पुढे सरकायचं. पहिल्या फेरीतली जागा सोडून कोणी दुसरी घेतली, तर सोडलेली जागा तिथल्या तिथे फळ्यावर चढायची आणि मागच्या नंबरवाल्याला ती मागता यायची. सोडणाऱ्याला मात्र ती परत मिळत नसे. त्यामुळे कोणी उठून टेबलाकडे निघालं की सगळं सभागृह शिपायाच्या हातातल्या डस्टरकडे बघत बसायचं.

पालकांना मुलांपाशी यायला बंदी होती. त्यांच्यासाठी मागच्या बाजूला नायलॉनची दोरी बांधलेली होती आणि त्या दोरीवर छाती टेकून बाप लोक उभे होते. कोणी बोटांनी आकडे दाखवत होतं, कोणी मान हलवून नको नको म्हणत होतं. एका गृहस्थाच्या खुणा इतक्या जोरात चालल्या होत्या की शिपायाने त्यांना दोनदा खाली बसवलं.

माझ्याकडे पहिल्या फेरीतली जागा होती. पुण्याच्या एका खासगी कॉलेजात कॉम्प्युटर. ती सोडून मला कराडच्या सरकारी कॉलेजात सिव्हिल हवं होतं. कराडच्या सिव्हिलपुढे जागा भरपूर होत्या, त्या वर्षी ती शाखा फारशी कोणाला नको होती. कॉम्प्युटरपुढे सगळीकडे शून्य होतं. म्हणजे प्रश्न जागेचा नव्हताच. शाखा बदलायची तर टेबलापाशी पालकांची संमती लागायची, आणि माझे वडील दोरीपलीकडे उभे होते.

अण्णा, म्हणजे श्रीरंग नाळे, इरिगेशन खात्यात कनिष्ठ अभियंता होते. फलटणजवळच्या कालव्यावर त्यांची सगळी नोकरी गेली. शिक्षण सिव्हिलचा डिप्लोमा. डिग्री घेऊन आलेली त्यांच्याहून लहान मुलं त्यांचे साहेब होऊन पुढे निघून जात आणि अण्णा त्यांना कालवा दाखवत. गावात त्यांची ख्याती मात्र वेगळ्याच गोष्टीसाठी होती. त्यांना कोणाला नाही म्हणता येत नाही, असं सगळे म्हणत. लग्नाच्या पंगतीत वाढप्याने आग्रह केला की अण्णा खात राहत. कोणी उसनी शिडी नेली तर परत मागायला जात नसत. आईने या स्वभावाला 'तुमची भीड' असं नाव ठेवलं होतं आणि दिवसातून एकदा तरी ते ती वापरायची.

आदल्या दिवशी आम्ही तिघं प्रतापमामाकडे उतरलो होतो. मामा आईचा धाकटा भाऊ, पुण्यात बँकेत होता. पहिल्या फेरीला तोच माझ्यासोबत आला होता आणि कॉम्प्युटर त्यानेच घ्यायला लावलं होतं. मला राहायला त्याने गच्चीवरची खोली रंगवून ठेवली होती. दुसऱ्या फेरीत मला शाखा बदलायची आहे हे कानावर गेल्यावर जेवताना त्याने विषय काढला. सगळं जग कॉम्प्युटरकडे चाललंय आणि ही चिखलात उतरायचं म्हणतेय, अशी त्याची सुरुवात होती. मग साइटवर बायकांची काय अवस्था होते, कंत्राटदारांची माणसं कशी असतात, सिव्हिलच्या मुलींना शेवटी नकाशे गिरवायला कसं बसवतात, हे सगळं त्याने सांगितलं. आई मान हलवत होती. अण्णा शांतपणे आमटी ओरपत होते. शेवटी मामाने त्यांनाच गाठलं. "दाजी, तुम्ही तरी सांगा. तुमची सगळी हयात गेली त्यात." अण्णा म्हणाले, "खरं आहे तुमचं." एवढंच.

त्यामुळे सकाळी निघताना मामा निर्धास्त होता. आईने मला बाजूला घेऊन सांगितलं, तिथं जाऊन गप बसून राहा, नंबर आला की आहे तेच ठेवते म्हण आणि ये.

सभागृहाबाहेर चहाची टपरी होती. तिथे उभ्या उभ्या अण्णा पहिल्यांदा या विषयावर माझ्याशी बोलले. मामाने सांगितलं तेच ते सांगत होते, फक्त हळू आवाजात आणि नावानिशी. अमुक साहेब सगळ्यांसमोर कसा बोलला होता, पाटाचं पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याने ऐन पाळीत दारू पिऊन कसा घोळ घातला होता, रात्री-अपरात्री कालवा फुटल्याचा निरोप आला की कसं निघावं लागतं. तू खुर्चीत बसून काम करावंस असं मला वाटतं, असं ते म्हणाले.

मी म्हटलं, "अण्णा, तुम्ही घरी आल्यावर दुसरं काही कधी बोलला आहात का?"

"कशाबद्दल?"

"कालव्याशिवाय. साहेब वाईट, पाटकरी वाईट, सगळं वाईट. पण टेलच्या गावाला पाणी पोचलं की त्या दिवशी तुम्ही दोन भाकऱ्या जास्त खाता. आईला विचारा."

कालव्याच्या शेपटाला असलेली गावं म्हणजे टेल. वरची गावं आपापल्या शेतात पाणी ओढून घेतात आणि टेलच्या माणसांनी पाण्याची वाट बघायची, असा सगळीकडचा प्रकार. लहानपणी सुटीच्या दिवशी मी अण्णांच्या स्कूटरवर मागे बसून कालव्याच्या कडेने जायची. एकदा टेलच्या गावात पाणी पोचताना मी पाहिलं होतं. कोरड्या चारीतून आधी पाचोळा सरकत येतो, त्याच्यामागे फेस आणि मग पाणी. चारीच्या कडेला उभी असलेली माणसं काही बोलत नव्हती. अण्णाही बोलत नव्हते. मला त्या कामाबद्दल जे काही माहीत होतं ते तिथलं होतं, आणि त्याच्या तोडीचं काही मला कॉम्प्युटरबद्दल कोणी सांगितलं नव्हतं.

अण्णांनी चहाचा ग्लास टपरीवर ठेवला. "चल, उशीर होईल," म्हणाले.

मला ते नकारासारखं वाटलं. आत जाताना मी एवढं ठरवलं होतं, की टेबलापाशी जाऊन सिव्हिल मागायचं. पुढे अण्णा नाही म्हणाले तर सगळ्यांच्या देखत म्हणतील, पण मी मागितलं नाही असं होणार नाही.

माझ्या मागच्या खुर्चीवर बसवराज हत्तुरे नावाचा मुलगा होता. अक्कलकोटचा. त्याला पहिल्या फेरीत प्रॉडक्शन मिळालं होतं आणि हवं होतं कॉम्प्युटर. शाळेत कॉम्प्युटर एकच होता, तोही हेडमास्तरांच्या खोलीत झाकून ठेवलेला, असं तो सांगत होता. याने कधी तो झाकलेला राहू दिला नव्हता म्हणे. फळ्यावर नवा आकडा चढला की तो मान वर करायचा आणि कॉम्प्युटरपुढचं शून्य बघून परत खाली घालायचा. माझ्याकडे काय आहे हे त्याने विचारलं. मी सांगितलं. त्याने नुसतं "अरे वा" म्हटलं आणि शर्टाच्या बाहीचं बटण पिरगाळत बसला. मी जागा सोडणार आहे हे त्याला सांगावं असं फार मनात आलं. पण अण्णा टेबलापाशी काय बोलतील ते मलाच माहीत नव्हतं. उगीच आशा कशाला लावायची, म्हणून गप्प बसले.

थोड्या वेळाने दोरीपाशी अण्णांच्या शेजारी उभ्या असलेल्या त्याच्या वडिलांनी मागून हाक मारली. ते सायकल दुरुस्तीचं दुकान चालवत. टोपी घातलेले, बुटके, घाईत असलेले. शून्याकडे किती वेळ बघत बसायचं, सोलापूरची गाडी गाठू, असं त्यांचं म्हणणं असावं, कारण बसवराज पिशवी उचलून गेला आणि जाताना मला "येतो" म्हणाला. त्याची खुर्ची रिकामी राहिली. मागची मुलं लगेच चुळबुळ करायला लागली, पुढे सरकू का म्हणून शिपायाला विचारायला लागली.

मी मागे पाहिलं. दोरीपाशी अण्णा नव्हते. पाण्याची बाटली घेऊन बाहेर गेले असतील असं वाटलं. बऱ्याच वेळाने ते परत आले आणि त्यांनी बाटली उंचावून मला दाखवली, नळाला रांग होती अशी खूण केली. त्याच सुमारास बसवराजही येऊन आपल्या खुर्चीवर बसला.

"काय झालं?" मी विचारलं.

"काय की. बाबा म्हणाले, गप बस जाऊन, नंबर येईपर्यंत हलायचं नाही."

दुपारी टेबलावरचे लोक जेवायला उठले तेव्हा आम्हाला बाहेर सोडलं. मामीने दिलेला डबा माझ्या पिशवीत होता. मी अण्णांना शोधत गेले तर ते व्हरांड्यात हत्तुऱ्यांच्या शेजारी मांडी घालून बसले होते आणि हत्तुरे त्यांच्यापुढे कागदावर कडक भाकरी मोडून ठेवत होते. वर शेंगांची चटणी, वर दही.

"घ्या की वो साहेब. लाजू नका."

"बास, बास," अण्णा म्हणत होते आणि घेत होते.

"पोरी, तू पण बस. आमच्या घरची चटणी हाय, पुण्यात मिळत नाही असली. साहेब, अजून एक तुकडा. माझ्या गळ्याची शपथ."

अण्णांनी तो तुकडाही घेतला. हत्तुऱ्यांनी मग त्यांच्यासाठी पळत जाऊन चहा आणला. बसायला आपली पिशवी दिली. अण्णा उठताना त्यांच्या पँटची धूळसुद्धा झटकली. मला ते बघवत नव्हतं. एका भाकरीवर आपले वडील असे लाजून लाजून हसतात, याचा त्या वयात राग येतो. मामीचा डबा मी उघडलाच नाही.

चार वाजायच्या सुमाराला माझा नंबर आला.

टेबलामागे तीन जण होते. मधले गृहस्थ प्राध्यापक असावेत. त्यांनी माझं नाव वाचलं, पुढे कॉम्प्युटर वाचलं आणि मान वर न करताच म्हणाले, "हेच ठेवायचं ना?"

"नाही सर. कराड. सिव्हिल."

आता त्यांनी मान वर केली. "उलटं म्हणतेयस का तू?"

"नाही."

शेजारच्या बाई हसल्या. प्राध्यापकांनी मला समजावून पाहिलं. वाईट माणूस नव्हते ते. माझ्या जागेसाठी मागे किती जण रडायला तयार आहेत, हे त्यांनी हात करून दाखवलं. घरी कोणाशी भांडण झालं का, विचारलं. कॉम्प्युटरची भीती वाटते का, विचारलं. मी म्हटलं, भीती वाटत नाही, तिथे बसून मी काय करीन ते मला दिसत नाही आणि कालव्यावर काय करीन ते दिसतं. त्यावर ते मागे दोरीकडे बघून म्हणाले, "नाळे यांचे पालक."

अण्णा दोरीखालून वाकून आले. एवढ्या मोठ्या सभागृहाच्या मधून चालत येताना ते खांदे पाडून चालत होते, साहेबाच्या केबिनमध्ये जाताना चालत तसे. टेबलापाशी आल्यावर त्यांनी तिघांनाही नमस्कार केला.

"तुमची मुलगी काय म्हणतेय ऐकलंत का?"

"ऐकू आलं."

"एकदा सोडली की ही जागा परत नाही मिळणार. बाजूला जाऊन बोला दोघं. समजावा तिला."

आम्ही खिडकीपाशी जाऊन उभे राहिलो. अण्णा माझ्याकडे बघत नव्हते, बाहेर बघत होते.

"साइटवर गेलीस की पहिल्या दिवशी माणसं तुला विचारतील, साहेब कुठंयत."

"विचारू देत. सांगेन, मीच."

"दुसऱ्या दिवशी पण विचारतील."

"दुसऱ्या दिवशी पण तेच सांगेन."

"मग चल," अण्णा म्हणाले.

टेबलापाशी परत आल्यावर त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि म्हणाले, "सिव्हिल लिहा." प्राध्यापकांनी त्यांना विचारलं, तुम्ही काय करता. इरिगेशनला आहे, असं सांगून त्यांनी सही केली. सही करताना त्यांचा हात थांबला नाही.

शिपायाने कॉम्प्युटरपुढचं शून्य पुसलं आणि तिथे एक लिहिलं. सभागृहात मागपर्यंत आवाज गेला. आम्ही अजून दोरीपर्यंत पोचलोही नव्हतो तोवर बसवराज टेबलापाशी उभा होता. फळ्याकडे नुसता हात करून दाखवत होता.

थोड्या वेळाने हत्तुरे मुलाच्या कागदावर सही करून व्हरांड्यात आले, ते डोळे पुसतच. त्यांनी अण्णांचे दोन्ही हात धरले.

"साहेब, सकाळी तुम्ही गेटपर्यंत पळत आलात म्हणून. नाहीतर आम्ही रिक्षात बसलोच होतो वो."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं आणि हत्तुऱ्यांना "असू द्या, असू द्या" करत पायऱ्या उतरायला सुरुवात केली.

बसस्टॉपवर गर्दी नव्हती. मी पिशवी बाकावर ठेवली. मग विचारलं, "त्यांना सकाळीच सांगितलं होतं तुम्ही?"

"हं."

"माझ्या आधी?"

"पाणी सोडायच्या आधी खाली ते शेतात घ्यायला कोणी दारं धरून उभं आहे का ते बघावं लागतं. ते पोरगं निघालं होतं. ती जागा मग कोणाच्या तरी वावरात शिरली असती." अण्णांनी बाटलीतलं उरलेलं पाणी पिऊन टाकलं. "त्यांना म्हटलं, मुलीसमोर बोलू नका."

"मला का नाही सांगितलं?"

"आधीच हो म्हटलं असतं तर तू माझ्या जिवावर बोलली असतीस. टेबलापाशी एकटी काय बोलतेस ते मला ऐकायचं होतं."

"आणि मी आहे तेच ठेवते म्हटलं असतं तर?"

"तर हत्तुऱ्यांच्या पाया पडलो असतो," अण्णा म्हणाले आणि हसले. दिवसभरात पहिल्यांदा मोकळेपणाने. मग बस दिसली तसे ते गंभीर झाले. "घरी यातलं काही बोलायचं नाही. घरचं मी बघतो. तू नुसतं खाली मान घालून बस."

मामाच्या घरी दारातच आईने विचारलं, ठेवलं ना. अण्णांनी चपला काढल्या, पाय धुतले, आरामखुर्चीत बसले आणि कपाळाला हात लावला.

"प्रतापराव, माझं चुकलं," ते म्हणाले.

मग त्यांनी जे सांगितलं ते मी खाली मान घालून ऐकलं. अक्कलकोटचा एक सायकलवाला भेटला. बिचाऱ्याच्या मुलाचा नंबर उजूच्या, म्हणजे माझ्या, मागचाच. सकाळपासून त्याने अण्णांना सोडलं नाही. भाकरी खाऊ घातली, चहा पाजला, धूळ झटकली. अण्णांनी हत्तुऱ्यांचा हेलसुद्धा हुबेहूब काढला. आणि मग टेबलापाशी बोलावल्यावर मागे वळून बघतात तो दोरीपलीकडे तो माणूस हात जोडून उभा. "पोरगी तर मागत होतीच सिव्हिल. मी नाही म्हणणार होतो, अगदी तोंडावर आलं होतं. पण त्याची भाकरी खाल्लेली हो. नाही कसं म्हणायचं?"

आई खालीच बसली. मामी तोंडाला पदर लावून आत गेली, हसू आवरेना म्हणून. मामा मात्र भडकला. एका भाकरीपायी पोरीचं आयुष्य घालवलंत, म्हणाला. नाही म्हणायला दोन अक्षरं लागतात, तेवढी तुम्हाला जमत नाहीत, म्हणाला. अण्णा प्रत्येक वाक्याला मान हलवत होते. मला कोणी एक शब्द बोललं नाही. उलट मामीने मला आत बोलावून साजूक तुपाचा शिरा दिला.

मी कराडला गेले. पुढचं सगळं माझ्या मनासारखं झालं असं नाही, पण जे झालं ते मी निवडलेलं होतं. साहेब कुठंयत, असं मला पहिल्या दिवशी विचारलं, दुसऱ्या दिवशी विचारलं, आणि तिसऱ्या वर्षीही एका सरपंचाने विचारलं. आता मी कार्यकारी अभियंता आहे. आता विचारत नाहीत.

भाकरीची गोष्ट मात्र घरात राहिली. मामाचा मुलगा कॉम्प्युटर करून अमेरिकेला गेला तेव्हा मामाने पेढे देताना म्हटलं, दाजींनी त्या दिवशी घरचा डबा खाल्ला असता तर आपली उजूही तिकडेच असती. माझी पहिली नेमणूक आडगावच्या साइटवर झाली, तेव्हा आई अण्णांना म्हणाली, बघा तुमच्या भिडेने पोरीला कुठं नेऊन टाकलं. मुलगी साइटवर फिरते म्हणून एक स्थळ मोडलं. त्या संध्याकाळी आत्या माझ्याकडे वळून म्हणाली, "तुला तरी कोणी सांगितलं होतं असलं..." आणि मधेच थांबली. "जाऊ दे. तुझा काय दोष? बापानंच माती खाल्ली." अण्णा अडकित्त्याने सुपारी कातरत होते. त्यांनी मान वर केली नाही. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी सुपारीची खांडं माझ्या हातावर ठेवली आणि आत्याला दे म्हणाले.

एकदा दोघंच असताना मी विचारलं होतं, आता सांगू का सगळ्यांना. "कशाला? चाललंय ना नीट," म्हणाले. पुढेही ती गोष्ट ते स्वतःच सांगत. दर वेळी हत्तुऱ्यांचा आग्रह वाढायचा आणि भाकऱ्यांची संख्याही.

अण्णा या वर्षी फेब्रुवारीत गेले. झोपेतच गेले, कोणाला हाक न मारता.

तेराव्याला जेवणं उरकल्यावर जवळची माणसं ओसरीवर बसली होती. मामा आता सत्तरीच्या पुढे गेलाय, काठी घेऊन चालतो. अण्णांवर त्याचा जीव होता, गेले काही दिवस तोच सगळं बघत होता. कोणीतरी अण्णांच्या स्वभावाचा विषय काढला आणि मामाने ती गोष्ट सांगायला घेतली. सगळी, खुर्च्यांच्या रांगेपासून. लोक हसत होते, डोळे पुसत होते. शेवटी मामा म्हणाला, "असा माणूस. पण एक गोष्ट त्यांना जन्मात जमली नाही. नाही म्हणायची."

"जमत होती," मी म्हटलं.

मामाने माझ्याकडे बघितलं.

"त्या दिवशी सकाळी चहा पिताना त्यांनी तुम्हाला नाही म्हणायचं ठरवलं होतं. हत्तुरे निघून चालले होते. अण्णा त्यांच्यामागे गेटपर्यंत पळाले, जागा सुटणार आहे, थांबा म्हणून सांगायला. भाकरी त्यांनी त्यानंतर खाल्ली."

मामाने हातातला पेला खाली ठेवला.

"मग त्यांनी असं का सांगितलं आम्हाला? मी काय काय बोललो त्यांना. एवढी वर्षं ऐकून घेतलं त्यांनी."

"तुम्ही त्यांना बोलत होतात तोवर मला बोलत नव्हतात, मामा."

त्याने काठीच्या मुठीवर हनुवटी टेकली.

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता. आई उंबऱ्यात येऊन उभी राहिली. हात ओले होते. तिने किती ऐकलं ते मला कळेना. ती हळूहळू येऊन माझ्याशेजारी बसली आणि तेरा दिवसांत पहिल्यांदा तिने कोणाकडे तरी काहीतरी मागितलं.

"पळाले म्हणतेस? गेटपर्यंत?" ती म्हणाली. "कसे पळाले ते सांग. मी त्यांना कधी पळताना बघितलं नाही."